भाच्याचं पायलट होणं आणि मामाचा प्लॉट

प्रश्न : माझं मूळ गाव विट्याजवळ. गलाईच्या (सोनं-चांदी गाळण्याच्या) व्यवसायामुळे वीस वर्षं तामिळनाडूत आहे. बहीण सावळजला दिली आहे, दाजींची तीन एकर द्राक्षबाग आहे. भाचा यंदा बारावी सायन्सला ७८ टक्के मिळवून पास झाला. गणित, फिजिक्स दोन्ही आहेत. त्याला पायलटच व्हायचं आहे. पुण्यातल्या एका सल्लागारानं तीन मार्ग सांगितले : विमान कंपनीचा कॅडेट प्रोग्रॅम, १ कोटी १० लाख, परदेशात शिक्षण, 'सगळं मिळून' ७० लाख, भारतातली शाळा, ५२ लाख. आठ दिवसांत १० लाख भरून सीट धरा म्हणतो. बँकेला दाजींची बाग तारण चालत नाही, म्हणून विट्यातला माझा एनए प्लॉट द्यावा असं ताई म्हणते. तिला नाही म्हणवत नाही. भाच्याला दीड नंबरचा चष्मा आहे. कमी खर्चाचा आणि भरवशाचा मार्ग कोणता? प्लॉट द्यावा का?
एक मामा, विटा (जि. सांगली)

उत्तर : मामा, या आठवड्यात कुणालाही १० लाख देऊ नका. भाच्याची वैद्यकीय तपासणी झालेली नाही, डीजीसीएचा, म्हणजे वैमानिकांना लायसन्स देणाऱ्या केंद्र सरकारच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा, एकही पेपर दिलेला नाही आणि ज्या शाळेची सीट धरायची तिचं नावही तुमच्या पत्रात नाही. या शिक्षणात पैसा कुठल्या क्रमानं बाहेर पडतो यावर सगळं अवलंबून असतं. आधी काही हजारांत कळणाऱ्या गोष्टी, मग काही लाखांत कळणाऱ्या, आणि त्या दोन्ही पार पडल्यावर मोठी रक्कम. सल्लागार नेमका हा क्रम उलटा करायला सांगतोय.

पहिली गोष्ट तब्येत. पायलटला डीजीसीएची दोन मेडिकल लागतात, आधी क्लास टू आणि मग क्लास वन. क्लास टू डीजीसीएच्या यादीवरचे डॉक्टर करतात, पुण्यात ते मिळतात. रक्त, लघवी, छातीचा एक्स-रे, ईसीजी, कान, नाक, डोळे एवढं पाहतात. त्याचा अहवाल डीजीसीएच्या ईजीसीए या ऑनलाइन पोर्टलवर चढला आणि फाइल नंबर मिळाला की क्लास वनची तारीख घ्यायची. पहिलं क्लास वन हवाई दलाच्या बंगळुरू, दिल्लीसारख्या केंद्रांवर किंवा डीजीसीएनं मान्यता दिलेल्या केंद्रावर होतं, आणि ते क्लास टूपेक्षा बरंच कडक असतं. विमान कंपनीत बसायला क्लास वनच लागतं. अनेक घरं नुसत्या क्लास टूवर फी भरून मोकळी होतात आणि वर्षभरानं क्लास वनमध्ये अडकतात, तोवर पंधरा-वीस लाख गेलेले असतात.

भाच्याचा दीड नंबर अडचणीचा नाही. चष्म्यानं नजर ६/६ होत असेल तर चालतं. नंबर घालवायला लेझर शस्त्रक्रिया मात्र आत्ता करून घेऊ नका. तिच्यानंतर डोळा स्थिर झाल्याची खात्री होईपर्यंत थांबवून ठेवतात, आणि जे चष्म्यानं भागत होतं त्यासाठी महिने जातात. खरा धोका रंग ओळखण्यात असतो. लाल-हिरव्यातला फरक कमी दिसणाऱ्या मुलाला बारावीपर्यंत त्याचा पत्ताही नसतो. मिरजेत एवढे डोळ्यांचे दवाखाने आहेत, तिथं याच आठवड्यात इशिहाराच्या ठिपक्यांच्या पाट्यांची तपासणी करून घ्या. पाच मिनिटांचं काम आहे. त्यात दोष निघाला तर पुढचं सगळं तिथंच थांबवा. बाकी ज्यामुळे मुलं 'तात्पुरती अपात्र' ठरतात त्या गोष्टी बहुधा दुरुस्त होणाऱ्या असतात : वाढलेलं वजन, कमी हिमोग्लोबिन, नाकाचा वाकडा पडदा, सोनोग्राफीत दिसलेला मुतखडा, घाबरून चढलेलं ब्लडप्रेशर. हे आधी कळलं तर उपचाराला वेळ मिळतो. म्हणून पोटाची सोनोग्राफी आणि साध्या रक्तचाचण्या तासगावात किंवा सांगलीत आधीच करून घ्या आणि मग क्लास वनला पाठवा.

मेडिकल चालू असतानाच कागद हलवायचे. डीजीसीएच्या परीक्षेला बसायला कॉम्प्युटर नंबर लागतो, आणि त्यासाठी दहावी-बारावीच्या गुणपत्रिकांची बोर्डाकडून पडताळणी करून घ्यावी लागते. सांगली जिल्हा कोल्हापूर विभागीय मंडळात येतो, अर्ज तिथंच करायचा. आपल्याकडची नेहमीची अडचण नावाची. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग मुलाचं, मग वडिलांचं. आधारवर वडिलांचं नाव गाळलेलं. पासपोर्टवर तिसराच क्रम. ही तिन्ही नावं अक्षरानं अक्षर जुळवून घ्या. लायसन्स हातात येण्याच्या वेळी ही चूक निघाली तर दुरुस्तीला लागणारे महिने फार महाग पडतात.

मग पेपर. एअर नेव्हिगेशन, एव्हिएशन मिटिऑरॉलॉजी, एअर रेग्युलेशन्स, टेक्निकल जनरल आणि ज्या विमानावर शिकणार त्याचा टेक्निकल स्पेसिफिक. प्रत्येकात ७० टक्के लागतात, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. नियमित परीक्षा वर्षातून चार वेळा होते. याशिवाय आरटीआर, म्हणजे रेडिओवर बोलण्याची परीक्षा. ती पूर्वी दूरसंचार खातं घ्यायचं, आता नव्या भारतीय वायुयान अधिनियमानंतर डीजीसीएकडे आली आहे. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना ही जड जाते, कारण ठरलेल्या शब्दांत, ठरलेल्या क्रमानं, न अडखळता बोलावं लागतं. तिची तयारी पहिल्या दिवसापासून रोज अर्धा तास मोठ्यानं बोलून करावी. सगळ्यात जास्त मुलं नेव्हिगेशनमध्ये अडकतात. वाऱ्याचे त्रिकोण, वेळ-अंतर-इंधनाची गणितं आणि नकाशे असं त्याचं स्वरूप असतं. बारावीचं गणित पाठ करून सोडवलेल्या मुलाला तिथं पुन्हा पहिल्यापासून समजून घ्यावं लागतं.

आमचा ठाम सल्ला असा की निदान नेव्हिगेशन, मिटिऑरॉलॉजी आणि रेग्युलेशन्स हे तीन पेपर उड्डाणाच्या शाळेत दाखल होण्याआधीच काढावेत. पुण्यात राहून क्लास लावला तर दोन-तीन लाखांत आणि सहा ते आठ महिन्यांत हे होतं. शाळेत जाऊन करायचं ठरवलं तर वसतिगृहाचं भाडं चालू, कर्जाचं व्याज चालू, आणि मुलगा वर्गात. दुसरा फायदा याहून मोठा आहे. दोन प्रयत्नांतही नेव्हिगेशन निघालं नाही तर घराला तीन लाखांत थांबता येतं. पन्नास लाख गेल्यावर थांबता येत नाही.

आता उड्डाण. कमर्शियल पायलट लायसन्सला, म्हणजे सीपीएलला, २०० तास लागतात. पण नुसती बेरीज २०० झाली की लायसन्स मिळतं असं नाही. त्यातले १०० तास विमानाचा मुख्य वैमानिक म्हणून, आणि त्या शंभरातले किमान १५ अर्जाच्या आधीच्या सहा महिन्यांतले. २० तास मुख्य वैमानिक म्हणून एका ठिकाणाहून दुसरीकडे जाण्याचे, त्यात एक फेरी किमान ३०० सागरी मैलांची, म्हणजे सुमारे ५५५ किलोमीटरची, वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर उतरून थांबलेली. रात्रीचे ५ तास, त्यात १० उड्डाणं आणि १० उतरणी, तीही अर्जाच्या आधीच्या सहा महिन्यांतली. नोकरीसाठी लागणारं इन्स्ट्रुमेंट रेटिंग, म्हणजे बाहेर न पाहता नुसत्या उपकरणांवर उडवण्याची परवानगी, वेगळं. त्याला उपकरणांवरचे ४० तास लागतात, त्यातले २० पर्यंत सिम्युलेटरवर चालतात, आणि मुख्य वैमानिक म्हणून लांब पल्ल्याचे ५० तास लागतात. साधारणपणे शाळा १८५ तास एका इंजिनाच्या विमानावर आणि १५ तास दोन इंजिनांच्या विमानावर अशी मांडणी करतात. शिवाय हे २०० तास अर्जाच्या आधीच्या पाच वर्षांतले असावे लागतात, म्हणजे पैसे जमतील तसं दहा वर्षांत सावकाश उडवू हा मार्ग बंद आहे.

यातले सहा महिन्यांचे आकडे नीट पाहा. शाळेत विमान बंद पडलं, पाऊस लागला, परीक्षक मिळाला नाही आणि शेवटची चाचणी लांबली, तर आधी झालेले रात्रीचे तास किंवा ते १५ तास जुने होतात आणि तेच पुन्हा पैसे भरून उडवावे लागतात. कोटेशनमध्ये हा खर्च कधीच लिहिलेला नसतो.

म्हणून शाळा निवडताना तासाचा दर शेवटी विचारा. आधी विमानं मोजा. छोटं प्रशिक्षण विमान दर ५० आणि १०० तासांनी तपासणीला आत घ्यावं लागतं, आणि सेस्नासारख्या विमानांच्या बहुतेक इंजिनांची दुरुस्तीची मर्यादा २००० तासांची असते. तिथं पोचलं की ते इंजिन महिनोन् महिने बाहेर. नीट चालणाऱ्या शाळेतलं एक विमान वर्षाला सातशेच्या आसपास तास देतं असं धरा. शाळेच्या पत्रकात दहा विमानं असली आणि त्यातली सात उडती असली, तर वर्षाला ४९०० तास झाले. प्रत्येक मुलाला २०० तास म्हणजे साधारण २५ मुलं वर्षात बाहेर पडू शकतात. त्याच शाळेत ६० मुलं भरलेली असतील तर भाच्याला अडीच वर्षं लागतील, तिथला प्रमुख प्रशिक्षक कितीही चांगला असला तरी. हा हिशोब शाळेत बसून, त्यांच्याच आकड्यांवर करा.

त्या शाळेत सुट्टीच्या दिवशी जाऊ नका. कामाच्या दिवशी सकाळी सातला जा, कारण उड्डाण सकाळीच चांगलं होतं. धावपट्टीलगत किती विमानं उभी आहेत, किती हँगरमध्ये उघडी पडली आहेत, किती हवेत आहेत, हे डोळ्यांनी दिसतं. गेल्या वर्षी लायसन्स मिळालेल्या पाच मुलांचे पहिल्या उड्डाणापासून लायसन्सपर्यंतचे महिने विचारा. कँटीनमध्ये बसलेल्या मुलाला विचारा, "गेल्या महिन्यात तुझे किती तास झाले?" पंधरा-वीस म्हणाला तर ठीक. पाच म्हणाला आणि पावसाळा नसेल, तर परत फिरा. धावपट्टीला रात्रीचे दिवे आहेत का तेही बघा. नसले तर रात्रीच्या पाच तासांसाठी विमानं आणि मुलं दुसऱ्या विमानतळावर न्यावी लागतात आणि तिथली रांग वेगळी. इंधनही विचारा. काही विमानं अ‍ॅवगॅसवर, म्हणजे विमानांसाठीच्या खास पेट्रोलवर, चालतात, काही जेट इंधनावर, काही छोटी रोटॅक्स इंजिनं पेट्रोलवरही. अ‍ॅवगॅस सगळीकडे सहज मिळत नाही आणि पुरवठा अडला की अख्खी शाळा जमिनीवर बसते.

डीजीसीएनं २०२५ पासून उड्डाण शाळांची श्रेणीवार क्रमवारी वर्षातून दोनदा जाहीर करायला सुरुवात केली आहे. पहिल्या यादीत वरच्या दोन श्रेणींत एकही शाळा नव्हती, त्यामुळे 'देशात अव्वल' असं कुणी सांगितलं तर यादी उघडून समोर ठेवा. महाराष्ट्रात बारामती, गोंदिया, धुळे, शिरपूर, जळगाव, नागपूर इथं प्रशिक्षण चालतं. तुमच्या घरापासून कराडची धावपट्टी जवळ आहे, पण जवळ आहे म्हणून शाळा निवडू नये, मोजणी तीच लावावी. हवामानाचा विचार मात्र करावा. बारामतीचा भाग अवर्षणाचा, तिथं पावसाळ्यातही उडण्यासारखे दिवस जास्त मिळतात. उत्तरेकडे डिसेंबर-जानेवारीत धुक्यानं सकाळी वाया जातात. आणि काहीही झालं तरी मे महिन्यात फी भरून जूनमध्ये मुलाला पाठवू नका. दसऱ्याच्या सुमारास उड्डाण सुरू झालं तर मेपर्यंत सलग आठ महिने कोरडे मिळतात. तुमच्या भाच्याचं वेळापत्रक आपोआप तसं बसतं : आत्ता मेडिकल आणि कागद, मग पेपर, आणि पुढच्या दसऱ्याला उड्डाण.

पैशाचा हिशोब आता मांडू या. मेडिकल, कागद, प्रवास मिळून लाखाच्या आत. ग्राउंड क्लास, म्हणजे पेपरांची शिकवणी, दोन-तीन लाख. २०० तासांचं उड्डाण भारतात आजच्या दरानं ४५ ते ५५ लाख. राहणं-जेवण दीड वर्षाचं तीन लाख. चाचण्या, रेडिओ परीक्षा, लायसन्सची फी, थोडे जास्तीचे तास मिळून दोन-तीन लाख. इथपर्यंत सीपीएल झालं, नोकरी नाही. विमान कंपनीच्या एअरबस ए३२० किंवा बोइंग ७३७ साठी टाइप रेटिंग, म्हणजे त्या एका प्रकारचं विमान उडवण्याचं प्रशिक्षण आणि परवानगी, लागतं, ते १५ ते २० लाख. म्हणजे 'भारतातली शाळा, ५२ लाख' हा आकडा अर्धवट आहे. पहिल्या पगारापर्यंतचा खरा आकडा ७० ते ८५ लाख धरा, आणि तेवढ्याची सोय दिसत नसेल तर सुरुवात करू नका.

उशिराची किंमतही यात धरावी लागते. ११ टक्क्यांनी ४० लाख घेतले तर वर्षाचं व्याज ४ लाख ४० हजार होतं. वसतिगृहाचा खर्च महिना १५ हजार धरला तर वर्षाला १ लाख ८० हजार. शाळेत एक वर्ष जास्त लागलं की सव्वासहा लाख गेले. तासामागे दोन हजार रुपये स्वस्त असलेल्या शाळेत २०० तासांत चार लाख वाचतात. स्वस्त शाळा एक वर्ष उशीर करत असेल तर ती महाग शाळा आहे.

सल्लागाराच्या कोटेशनवर १८ टक्के जीएसटी लावला असेल तर तिथंच विचारा. सप्टेंबर २०२४ मध्ये जीएसटी परिषदेनं स्पष्ट केलं आहे की डीजीसीएमान्य शाळांनी चालवलेल्या मान्य उड्डाण अभ्यासक्रमांना हा कर लागत नाही. ५० लाखांवर हा फरक ९ लाखांचा आहे.

आता त्यानं सांगितलेले मार्ग. कॅडेट प्रोग्रॅममध्ये कंपनी आधी निवड चाचणी घेते, ठरलेल्या शाळेत सीपीएल आणि टाइप रेटिंग करून घेते आणि पुढं नोकरीची वाट मोकळी ठेवते. यात निवड आधी होते, हा त्याचा मोठा गुण. पण पत्रातला शब्द 'नोकरी देऊ' असा आहे की 'कंपनीच्या गरजेनुसार' असा, हे वकिलाकडून वाचून घ्या. बहुतेक पत्रांत दुसरा असतो. कंपनीची विमानं यायला उशीर झाला की कॅडेटही थांबतात, कर्जाचा हप्ता थांबत नाही. सगळी जमीन-जागा तारण ठेवून १ कोटी १० लाखांचं कर्ज काढणाऱ्या घरानं हा मार्ग घेऊ नये, असं आमचं मत आहे. ज्यांच्याकडे निम्मी रक्कम स्वतःची आहे त्यांनी घ्यावा. आणि कॅडेटची निवड कंपनीच्या स्वतःच्या परीक्षेतून होते. एखादा सल्लागार १० लाख घेऊन तिथं 'सीट धरू' शकत नाही.

परदेशात हवामान चांगलं, विमानं भरपूर, आठ-दहा महिन्यांत तास होतात, हे खरं आहे. पण अमेरिकेत नेहमीच्या पद्धतीनं कमर्शियल लायसन्सला २५० तास लागतात, फी डॉलरमध्ये असते, आणि परत आल्यावर ते लायसन्स भारतीय लायसन्समध्ये बदलून घ्यावं लागतं. त्यासाठी डीजीसीएचे पेपर, आरटीआर आणि मेडिकल इथलंच लागतं, तिकडच्या लायसन्सची तिकडच्या खात्याकडून पडताळणी होते, आणि या सगळ्यात अलीकडची उड्डाणं जुनी झाली तर पुन्हा उडवावं लागतं. 'सगळं मिळून ७० लाख' यात बदलून घेण्याचा खर्च आणि टाइप रेटिंग आहे का, हे लेखी मागा. इथले पेपर आधीच काढून गेलेल्या मुलाला परदेश परवडू शकतो. न काढता गेलेली मुलं परत येऊन वर्षभर त्याच पेपरांत अडकतात.

सल्लागारानं न सांगितलेला एक मार्ग आहे. उत्तर प्रदेशात फुरसतगंजला इंदिरा गांधी राष्ट्रीय उडान अकादमी ही केंद्र सरकारची संस्था आहे. फी ४५ लाखांच्या घरात, प्रवेश देशपातळीवरच्या लेखी परीक्षेतून, गणित-फिजिक्स-इंग्रजी-रीझनिंगवर. तिची जाहिरात येते तेव्हा अर्ज भरायचाच. तिथं एजंटला वाव नाही. राखीव प्रवर्गातल्या मुलांना आणखी एक दार आहे : अनुसूचित जाती-जमातींसाठीच्या पोस्ट-मॅट्रिक शिष्यवृत्तीत सीपीएलचा अभ्यासक्रम बसतो, आणि ओबीसी, भटक्या-विमुक्तांसाठी राज्य सरकारच्या महाज्योती या संस्थेनं नागपूर फ्लाइंग क्लबमध्ये प्रशिक्षण देण्याची योजना काढली होती. भाचा ज्या प्रवर्गातला असेल त्याप्रमाणे समाजकल्याण कार्यालयात चौकशी करा.

आपल्या भागात साताऱ्याची सैनिक शाळा १९६१ पासून आहे, त्यामुळे 'एनडीएतून हवाई दलात जा, फुकट शिकवतात' हे कुणीतरी भाच्याला सांगेलच. हवाई दलाच्या वैमानिकाला दूरचं चष्म्याशिवाय दिसावं लागतं. भाच्याचा दीड नंबर दूरचा असेल तर ती शाखा त्याच्यासाठी नाही. आणि ज्याचा नंबर नाही त्यानंही एअरलाइनचा खर्च वाचवायला म्हणून तिकडं जाऊ नये. ते वेगळं आयुष्य आहे, ते मनापासून हवं असेल तरच घ्यावं.

आता प्लॉट. बँक बाग घेत नाही यात बँकेचा आडमुठेपणा नाही. थकलेल्या कर्जाची वसुली बँका ज्या सरफेसी कायद्यानं करतात तो शेतजमिनीला लागू होत नाही, म्हणून शैक्षणिक कर्जाला सातबाऱ्यावरची शेती सहसा चालत नाही. साडेसात लाखांवरच्या कर्जाला तारण मागितलं जातं. म्हणून नजर तुमच्या एनए प्लॉटवर गेली.

जामीनदार झालात तर एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. करार कायद्याप्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराएवढीच असते. बँकेला आधी दाजींच्या मागं लागून मग तुमच्याकडे यावं असं बंधन नाही. आणि ४० लाखांचा ११ टक्क्यांनी दहा वर्षांचा हप्ता महिना सुमारे ५५ हजार होतो. सगळी रक्कम पहिल्याच दिवशी उचलून अडीच वर्षं व्याज साठू दिलं तर मुद्दल ५१ लाखांवर जातं आणि हप्ता ७० हजारांवर. द्राक्षाचं एक वर्ष अवकाळीत गेलं तर हा हप्ता कुणी भरायचा, हे आज दाजी, ताई आणि तुम्ही एकत्र बसून ठरवायचं आहे. ताईला वाईट वाटेल म्हणून ही बैठक टाळू नका. ती न झाल्यानं पुढं जे वाईट वाटतं ते नात्यावर येतं.

आमचं मत : प्लॉट द्या, पण आज नाही, आणि पूर्ण रकमेलाही नाही. क्लास वन हातात आलं आणि तीन पेपर निघाले की मग बँकेत जा. सीपीएलच्या फीपैकी जेवढं दाजी स्वतः उभं करतील त्याच्या वरच्या रकमेपुरतंच कर्ज मंजूर करून घ्या. उचल टप्प्याटप्प्यानं, झालेल्या तासांप्रमाणे, थेट शाळेच्या खात्यात जाईल असं लिहून घ्या. जेवढं उचललं तेवढ्यावरच व्याज लागतं. कर्जदार भाचा, सहकर्जदार दाजी आणि ताई. शिक्षण चालू असताना नुसतं व्याज दरमहा दाजींनी भरावं, म्हणजे मुद्दल फुगत नाही. टाइप रेटिंगचे २० लाख या कर्जात मिसळू नका, ते नोकरीच्या निवडपत्रानंतर काढायचं वेगळं कर्ज आहे.

कारण सीपीएल मिळालं की लगेच नोकरी लागते असं नाही. २०२३ मध्ये डीजीसीएनं १६२२ सीपीएल दिली, त्याआधीच्या वर्षी ११६५. भरती लाटांनी येते. लाट नसेल तर वर्ष-दोन वर्षं थांबावं लागतं, आणि त्या काळात क्लास वन दरवर्षी, इन्स्ट्रुमेंट रेटिंगची तपासणी दरवर्षी, असा खर्च चालूच राहतो. त्यासाठी दोन-तीन लाख बाजूला हवेत. टाइप रेटिंग नोकरीआधी स्वतःहून करू नका. न उडवता पडून राहिलं तर ते कालबाह्य होतं आणि पुन्हा सिम्युलेटरचे पैसे लागतात, शिवाय तुम्ही ए३२० केलं आणि भरती एटीआर या छोट्या प्रवासी विमानाची निघाली असंही होतं. या थांब्यात सगळ्यात चांगला मार्ग प्रशिक्षकाचा. असिस्टंट फ्लाइट इन्स्ट्रक्टरचं रेटिंग करून शाळेतच शिकवायला लागलं तर पगार थोडा मिळतो पण तास वाढतात आणि हात चालू राहतो. पुढं कॅप्टन होण्यासाठी एटीपीएल हे सीपीएलच्या वरचं लायसन्स लागतं, त्याला १५०० तास हवेत, त्यामुळे हे तास वाया जात नाहीत.

आणि भाच्याला या सगळ्याबरोबर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून पदवीला नाव घालायला सांगा. सीपीएलला पदवी लागत नाही, पण क्लास वन कधी हुकलं तर हातात काही असावं. फिजिक्स-गणिताची बीएस्सी असेल तर विमानतळ प्राधिकरणाच्या हवाई वाहतूक नियंत्रकाची परीक्षाही देता येते.

राहिला तो सल्लागार. त्याला फोन करून चार गोष्टी कागदावर मागा : शाळेचं नाव आणि तिच्या डीजीसीए मान्यतेची मुदत, आज उडती असलेली विमानं आणि आज शिकत असलेली मुलं, दोन्ही आकडे, पैसे शाळेच्या स्वतःच्या खात्यात आणि झालेल्या तासांप्रमाणे भरता येतील का, आणि क्लास वनमध्ये मुलगा अपात्र ठरला तर किती पैसे किती दिवसांत परत. हे लिहून देणारा असेल तर त्याची शाळा बघायला जा. आठ दिवसांची मुदत पुन्हा सांगू लागला तर फोन ठेवा. भाच्याला सोमवारी मिरजेला डोळे तपासायला पाठवा आणि मंगळवारी कोल्हापूरला बोर्डात पडताळणीचा अर्ज द्यायला.